दागिन्यातील खडा कसा निवडला जातो? सौंदर्याइतकीच कसोटी टिकाऊपणाची

जयपूरच्या जोहरी बाजारात आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत रत्नांचा व्यवहार आजही मोठ्या प्रमाणावर कागदाच्या पुडीतून चालतो. घडीचा पांढरा कागद उलगडला जातो, चिमट्याने एकेक खडा उचलून उजेडाकडे नेला जातो, फिरवून पाहिला जातो आणि पुन्हा कागदावर ठेवला जातो. नव्या दागिन्यासाठी खडे शोधणारा डिझायनर या वेळी रंग आणि चमक पाहत असतोच. परंतु त्याचा निर्णय बऱ्याचदा आणखी एका प्रश्नावर ठरतो. ज्या जागी हा खडा बसणार आहे, त्या जागी तो किती वर्षे टिकेल, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर त्याची झळ तिघांना बसते. खडा बसविताना तडकला तर कारागिराला, दागिना परत आला तर पेढीला आणि काही वर्षांनी खड्याचे तेज गेले तर तो विकत घेणाऱ्या कुटुंबाला. सोने वितळवून पुन्हा घडविता येते. तडकलेला पाचू पूर्ववत होत नाही. त्यामुळे खड्याची निवड वरवर अभिरुचीचा विषय वाटली, तरी तिच्यामागे खनिजशास्त्र, प्रकाशाचे नियम, कारागिराचे कसब आणि व्यवहारातील सचोटी या चारही गोष्टींचा विचार असतो.

सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये जयपूर वसविले, तेव्हा जवाहिरे आणि कारागीर यांना तेथे स्थायिक होण्यासाठी बोलावण्यात आले होते. रंगीत रत्नांना पैलू पाडण्याच्या व्यवसायाचे हे शहर आज जगातील एक प्रमुख केंद्र आहे. येथे येणारा कच्चा माल मात्र बहुतांशी परदेशांतून येतो. पाचू प्रामुख्याने झांबिया, ब्राझील आणि कोलंबियातून, माणके मोझांबिक आणि म्यानमारमधून, तर नीलम श्रीलंकेसह अन्य देशांतून येतात. रत्नपरीक्षेची परंपरा भारतात अर्थातच याहून कितीतरी जुनी आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त राजकोशात घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेवर स्वतंत्र प्रकरण आहे, तर वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांच्यासाठी वेगवेगळे अध्याय आहेत.

आधी जागा, मग खडा

अनुभवी डिझायनर खडा हाती घेण्यापूर्वी दागिना शरीरावर कोठे असणार, याचा विचार करतो. अंगठी दिवसभरात दाराची मूठ, भांडी, टेबलाची कड अशा अनेक वस्तूंवर आपटते. बांगडी आणि कडे यांचीही तीच गत असते. कर्णभूषणे आणि गळ्यातील पदक यांना त्या मानाने फारच थोडे आघात सोसावे लागतात. म्हणूनच एकच खडा कानात निर्धोक असतो आणि बोटात धोक्याचा ठरतो.

टणकपणा मोजण्यासाठी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिक मोस यांनी १८१२ मध्ये तयार केलेली १ ते १० अशी श्रेणी आजही वापरली जाते. हिरा १० वर, माणिक आणि नीलम ९ वर, पुष्कराजाच्या नावाने विकला जाणारा टोपाझ ८ वर, पाचू साडेसात ते ८ वर आणि स्फटिक ७ वर आहे. ही केवळ क्रमवारी आहे. हिरा नीलमपेक्षा एका पायरीने वर दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो कितीतरी पटींनी अधिक टणक असतो.

डिझायनरच्या दृष्टीने या श्रेणीतील ७ हा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. घरातील आणि रस्त्यावरील धुळीत स्फटिकाचे म्हणजेच वाळूचे सूक्ष्म कण असतात आणि त्यांचा टणकपणा ७ असतो. याचा अर्थ असा की, त्याहून मऊ खडा साध्या धुळीनेही ओरखडला जातो. दागिना पुसताना कापडावरील धूळच त्याची झिलई हळूहळू घालवते. ओपल, पिरोजा, मोती आणि पोवळे ही रत्ने या रेषेच्या खाली येतात. ती वर्ज्य नाहीत. मात्र त्यांना रोजच्या अंगठीत बसविताना डिझायनर दोनदा विचार करतो.

महाराष्ट्रातील नथ हे जागेनुसार खडा निवडण्याचे उत्तम उदाहरण आहे. नथीला हातातल्या दागिन्यासारखे आघात सोसावे लागत नाहीत. परंतु तिचा सगळा भार नाकपुडीवर येतो. त्यामुळे सोन्याच्या तारेत ओवलेले हलके मोती आणि मधोमध एखादा लहानसा लाल किंवा हिरवा खडा, ही रचना सौंदर्याइतकीच सोयीचीही ठरली. मोत्याचा टणकपणा जेमतेम अडीच ते साडेचार असला, तरी नाकात तो सुरक्षित राहतो. त्याचा खरा शत्रू वेगळा आहे. मोती मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असल्याने घाम, अत्तर आणि सौंदर्यप्रसाधने यांमुळे त्याचे पाणी उतरते. सगळा साजशृंगार झाल्यावर मोत्याचा दागिना शेवटी घालावा आणि उतरविल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवावा, या जुन्या रिवाजामागे हेच कारण आहे.

टणक असणे आणि चिवट असणे

टणकपणा म्हणजे ओरखडा न उमटण्याची क्षमता. चिवटपणा म्हणजे आघाताने न फुटण्याची क्षमता. या दोन गुणांची गल्लत केल्याने अनेक चुका घडतात. हिरा सर्वांत टणक असला, तरी त्याच्या अंतर्गत रचनेत अशी प्रतले असतात की, विशिष्ट दिशेने घाव बसल्यास तो दुभंगतो. टोपाझचेही तसेच आहे. याउलट जेड हा खडा स्फटिकाहून मऊ असूनही विलक्षण चिवट असतो. म्हणूनच त्यापासून बारीक कोरीवकाम केलेल्या वस्तू आणि अखंड बांगड्या घडविता येतात.

पाचूच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो. श्रेणीनुसार तो पुरेसा टणक असतो. पण निसर्गतः घडताना त्याच्यात असंख्य बारीक चिरा आणि अन्य खनिजांचे कण राहून जातात. पूर्णतः निर्मळ पाचू अत्यंत दुर्मीळ असतो. पाचूतील या खुणांना फ्रेंच भाषेत ‘बाग’ या अर्थाचा शब्द वापरला जातो. डिझायनर या बागेकडे पाहून नाक मुरडत नाही. तो चीर कोठे आहे ते पाहतो. चीर खड्याच्या मध्यभागी आणि पृष्ठभागापासून दूर असेल, तर ती सहसा निरुपद्रवी असते. तीच चीर कडेपर्यंत किंवा कोपऱ्यापर्यंत पोहोचलेली असेल, तर खडा बसविताना कारागिराच्या हलक्या दाबानेही तो तुटू शकतो.

समजा, एखाद्या ग्राहकाला रोज वापरण्यासाठी पाचूची अंगठी हवी आहे. डिझायनरपुढे अशा वेळी तीन मार्ग असतात. पहिला, चौकोनी पण कोपरे छाटलेला पाचू निवडून त्याला चहूबाजूंनी सोन्याची कड देणे. पायऱ्यांसारखे पैलू असलेला हा घाट जगभर पाचूच्याच नावाने ओळखला जातो. छाटलेल्या कोपऱ्यांमुळे खडा तुटण्याचा धोका कमी होतो. दुसरा मार्ग, पाचू पदकात घेऊन अंगठीसाठी वेगळा खडा सुचविणे. तिसरा, हिरवाच रंग हवा असल्यास पूर्व आफ्रिकेत सापडणारा त्साव्होराइट हा हिरवा गार्नेट वापरणे. त्यात सहसा चिरा कमी असतात. यांपैकी कोणता मार्ग घ्यावा, हे ग्राहकाशी बोलूनच ठरते आणि हे बोलणे खडा घेण्यापूर्वी होणे आवश्यक असते.

चिरांनी भरलेला पाचूही वाया जात नाही. त्याचे मणी केले जातात, त्याला घोटीव गोलाई दिली जाते किंवा त्यावर पाने, फुले आणि फळांच्या फोडींसारखे कोरीवकाम केले जाते. पैलूंच्या आरपार दिसणाऱ्या चिरा कोरीवकामात लपतात आणि रंग मात्र उठून दिसतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या कार्तिए पेढीने भारतात कोरलेली माणके, पाचू आणि नीलम यांच्यापासून घडविलेले रंगीबेरंगी दागिने पुढे जगप्रसिद्ध झाले.

रंग कोणत्या उजेडात?

जुने व्यापारी खडा सकाळच्या किंवा दुपारच्या नैसर्गिक उजेडात, शक्यतो उत्तरेकडील खिडकीपाशी पाहतात. थेट ऊन टाळले जाते. कारण झगझगीत प्रकाशात दोष दडतात आणि सामान्य खडाही उजळून निघतो. पिवळसर दिव्याखाली माणिक अधिक लाल आणि खुललेले दिसते, तर नीलमचा निळा रंग दिवसाच्या उजेडात अधिक चांगला वाटतो. ॲलेक्झांड्राइट हा खडा तर दिवसा हिरवट आणि जुन्या पद्धतीच्या पिवळ्या दिव्याखाली लालसर दिसतो. त्यामुळे डिझायनर खडा किमान दोन प्रकारच्या उजेडात पाहतो. लग्नसमारंभातील दागिना रात्री दिव्यांच्या प्रकाशात मिरवला जाणार आणि रोजचा दागिना दिवसाच्या उजेडात, हेही त्याला लक्षात ठेवावे लागते.

रंगाची पारख करताना तीन गोष्टी वेगळ्या पाहिल्या जातात. मूळ छटा कोणती, ती किती गडद आहे आणि ती किती तजेलदार आहे. अतिशय गडद नीलम पुडीत भारदस्त दिसतो. मात्र दागिन्यात, हाताच्या अंतरावरून तो काळा भासतो. शेजारच्या धातूचाही परिणाम होतो. किंचित पिवळसर झाक असलेला हिरा पिवळ्या सोन्यात खटकत नाही. तोच प्लॅटिनममध्ये बसविला की झाक उघडी पडते.

वजन, माप आणि जोडी

रत्नांचे वजन कॅरेटमध्ये होते आणि एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. भारतात रत्तीचे मापही प्रचलित आहे; परंतु रत्तीचे वजन सगळीकडे सारखे मानले जात नसल्याने बिलावर कॅरेटचा आकडा असणे हिताचे ठरते. डिझायनरला मात्र कॅरेटपेक्षा मिलिमीटर अधिक महत्त्वाचे वाटतात. प्रत्येक खनिजाची घनता निराळी असते. माणकाची घनता पाण्याच्या सुमारे चौपट, तर पाचूची सुमारे पावणेतीन पट असते. त्यामुळे एकाच घाटाचे, एकेक कॅरेटचे दोन खडे शेजारी ठेवले, तर पाचू मोठा आणि माणिक लहान दिसते. कोंदणात बसण्यासाठी वजन नव्हे, तर लांबी, रुंदी आणि खोली जुळावी लागते.

खोलीचा संबंध थेट किमतीशीही आहे. पैलू पाडताना जास्तीत जास्त वजन राखण्यासाठी कधी खड्याचे पोट फुगीर ठेवले जाते. हे वजन कोंदणात खाली दडते. ग्राहक त्याचे पैसे मोजतो, पण दागिन्यात ते दिसत नाही. याउलट खडा फार उथळ असेल, तर वरून पडलेला प्रकाश परत न येता खालून निघून जातो आणि मध्यभाग काचेसारखा फिका, आरपार दिसतो. बाजारात या दोषाला ‘खिडकी’ म्हटले जाते. पांढऱ्या कागदावरील छापील अक्षरांवर खडा धरून ती वाचता येतात का, हे पाहणे ही खिडकी ओळखण्याची एक साधी युक्ती आहे.

सर्वांत कठीण काम असते जोडी जमविण्याचे. कर्णभूषणांसाठी दोन खडे मापाने सारखे मिळणे सोपे. पण छटा, गडदपणा आणि पैलूंची ठेवण यांतही ते सारखे असावे लागतात. त्यामुळे उत्तम जुळलेल्या जोडीची किंमत दोन सुट्या खड्यांच्या बेरजेपेक्षा अधिक पडते. हारासाठी चढत्या मापाचे पंधरा-वीस खडे हवे असतील, तर शक्यतो एकाच कच्च्या मालातून कापलेले खडे घेण्याकडे कल असतो. निवडलेले खडे मेणाच्या पृष्ठभागावर आराखड्याप्रमाणे मांडून पाहिले जातात. पुडीत एकसारखे वाटलेले खडे मांडणीत शेजारी आल्यावर एखादा फिका पडतो आणि त्याची जागा दुसऱ्याने घ्यावी लागते.

कोंदणाचे म्हणणे

खडा कोणत्या पद्धतीने बसविला जाणार, यावरही त्याची निवड ठरते. राजस्थानच्या कुंदनकामात शुद्ध सोन्याची पातळ पट्टी खड्याभोवती दाबून बसविली जाते. हे सोने इतके मऊ असते की, ते आगीशिवाय, केवळ दाबाने एकमेकांना चिकटते. खड्यांच्या खाली लाख भरलेली असते आणि पैलू नसलेल्या हिऱ्यांच्या म्हणजेच पोलकीच्या मागे चकचकीत वर्ख ठेवून त्याचे तेज वाढविले जाते. उष्णता आणि घाव या दोन्हींपासून बचाव होत असल्याने नाजूक पाचूसाठी ही पद्धत अनुकूल ठरली. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मागची बाजू बंद असल्याने आत पाणी शिरले की वर्ख काळवंडतो, शिवाय जडविलेला खडा प्रयोगशाळेत पूर्णपणे तपासता येत नाही. म्हणून कुंदनासाठी घेतलेले महत्त्वाचे खडे जडविण्यापूर्वीच तपासून घेणे शहाणपणाचे असते.

सोन्याच्या बारीक नख्यांनी धरलेल्या उघड्या कोंदणात प्रकाश चारही बाजूंनी येतो आणि पारदर्शक, उत्तम पैलूंचा खडा त्यात खुलतो. ज्योतिषावरील श्रद्धेने रत्न धारण करणारे ग्राहकही खडा त्वचेला लागावा म्हणून मागची बाजू उघडी ठेवण्याची मागणी करतात. अशा कोंदणात खड्याचा दोष मात्र लपत नाही. नक्षत्रासारखी तारा दाखविणारा नीलम किंवा डोळ्यासारखी रेघ दाखविणारा लसण्या असेल, तर त्याला पैलू न पाडता घुमटासारखा घोटीवच ठेवावा लागतो; अन्यथा तो परिणाम दिसत नाही.

दुरुस्तीचा विचारही निवडीच्या वेळीच करावा लागतो. अंगठी सैल-घट्ट करताना सोनार फुंकणीची ज्योत वापरतो. हिरा आणि माणिक बऱ्याच अंशी ही उष्णता सोसतात. ओपल, मोती, टांझानाइट आणि पाचू सोसत नाहीत. ध्वनिलहरींच्या यंत्रात दागिने धुण्याची पद्धतही पाचूला घातक असते.

खड्यावर झालेल्या प्रक्रिया

बाजारातील बहुसंख्य रंगीत खडे खाणीतून निघाले तसेच विकले जात नाहीत. माणिक आणि नीलम यांना उष्णता देऊन त्यांचा रंग आणि निर्मळपणा सुधारला जातो. ही प्रक्रिया कायमस्वरूपी असते आणि व्यापारात मान्य आहे. तरीही उष्णता न दिलेला चांगला खडा अधिक मोलाचा मानला जातो. पाचूच्या चिरांत रंगहीन तेल किंवा राळ भरण्याची पद्धत जुनी आहे. तेल कालांतराने सुकते आणि चिरा पुन्हा दिसू लागतात. निळा टोपाझ जवळजवळ नेहमीच किरणोत्सर्ग आणि उष्णता यांच्या साहाय्याने निळा केलेला असतो.

खरी चिंता काच भरलेल्या माणकांची असते. हलक्या प्रतीच्या, चिरांनी भरलेल्या माणकात शिसेयुक्त काच भरली की ते एकदम निर्मळ दिसू लागते. असा खडा सोनाराच्या ज्योतीने, दागिने साफ करण्याच्या आम्लाने, अगदी लिंबाच्या रसानेही खराब होतो. तो स्वस्तात, माहिती देऊन विकणे हा गुन्हा नव्हे. ती माहिती लपवून तो उत्तम माणकाच्या भावात विकणे ही फसवणूक ठरते.

प्रयोगशाळेत तयार केलेल्या खड्यांचा इतिहासही शंभर वर्षांहून जुना आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी ज्योतीच्या साहाय्याने माणिक बनविण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. अशा माणकाचे रासायनिक घटक आणि टणकपणा नैसर्गिक माणकासारखेच असतात. ओळख पटते ती आतील वक्र रेषा आणि हवेचे बुडबुडे यांवरून. नुसत्या डोळ्यांनी हा भेद करणे अनुभवी पारख्यालाही अवघड असते. याच गरजेतून रत्न व आभूषण निर्यात प्रोत्साहन परिषदेने १९७२ मध्ये जयपूर येथे रत्नपरीक्षण प्रयोगशाळा सुरू केली. प्रकाशाचे वक्रीभवन, घनता, सूक्ष्मदर्शकातील खुणा आणि वर्णपटाचे विश्लेषण यांच्या आधारे आता खड्याची जात आणि त्यावरील प्रक्रिया ठरविली जाते.

ग्राहकाने काय विचारावे?

दागिन्यावरील हॉलमार्क केवळ मौल्यवान धातूची शुद्धता सांगतो. खड्याविषयी तो काहीही सांगत नाही. कुंदन, पोलकी आणि जडाव दागिन्यांना तर भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या हॉलमार्किंगमधून सूट आहे. त्यामुळे खड्यांच्या दागिन्यात बिल हाच मोठा आधार असतो. सोन्याचे निव्वळ वजन आणि खड्यांचे वजन बिलात वेगवेगळे नोंदलेले असावे. अन्यथा खड्याचे वजनही सोन्याच्या भावाने मोजले जाण्याची शक्यता राहते.

यापलीकडे विक्रेत्याला चार प्रश्न विचारले पाहिजेत. खडा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेत तयार झालेला? त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे? ही माहिती बिलावर लिहून मिळेल काय? आणि या खड्याला रोजच्या वापरात, पाण्यात किंवा दुरुस्तीच्या वेळी काय चालत नाही? मोठ्या किमतीच्या खड्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेचा दाखलाही घ्यावा आणि दाखल्यातील वजन व मापे खड्याशी जुळतात का, ते पाहावे.

शेवटचा प्रश्न फारसा विचारला जात नाही. पण त्याच्या उत्तरातूनच दागिना घडविणाऱ्याने खडा विचारपूर्वक निवडला होता की नाही, हे कळते. ज्याने तो जागा, कोंदण आणि वापर लक्षात घेऊन निवडला असेल, त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते. पुढच्या पिढीच्या हाती जाणारा दागिना बहुधा अशाच निवडीतून घडलेला असतो.